ही नोंद कुणाच्या वहीत असेल?

विट्याच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा. रात्री जेवणं झाली की ते आणि त्यांची आठवीतली मुलगी एकमेकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न घालतात. उत्तर फोनवर शोधायला गेलं की तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. त्यात मध्यंतरी एका स्पर्धेत 'यशवंतराव चव्हाण यांचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला?' याचं उत्तर मुलीने 'सांगली' लिहिलं. तिने ते विकिपीडियावर वाचलं होतं. तपासणाऱ्यांनी 'सातारा' हेच उत्तर धरलं आणि गुण कापला. मुलगी हिरमुसली. आता विकिपीडिया बंद करू का, आणि विश्वास ठेवायचा तर नेमका कोणत्या साइटवर, असं त्यांनी विचारलं आहे.

विकिपीडिया बंद करू नका, हे आधी सांगून टाकते. मी साताऱ्यातल्या एका वाचनालयात संदर्भ विभाग सांभाळते आणि शाळांना, गणेश मंडळांना प्रश्नमंजूषा काढून देते. त्यामुळे उत्तरं शोधणाऱ्यांची गाऱ्हाणीही माझ्याकडे येतात आणि प्रश्न काढणाऱ्यांचीही. दोन्हीकडून पाहिल्यावर 'कोणती साइट खरी' हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. एकाच पानावर एक वाक्य अगदी पक्कं असतं आणि त्याच्याच खालचं कुणीतरी ऐकीव टाकलेलं असतं. तपासायचं ते वाक्य, आणि वाक्याच्याही आधी प्रश्न.

तुमच्या मुलीचंच घ्या. ती चुकलेली नाही, आणि खरं सांगायचं तर परीक्षकही चुकलेले नाहीत. प्रश्न अर्धवट आहे. यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा देवराष्ट्रे तुमच्याच खानापूर तालुक्यात आणि तालुका सातारा जिल्ह्यात. १८८५ साली छापलेल्या साताऱ्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा-माहितीग्रंथात, कराड, पाटण, वाई यांच्या मांडीला मांडी लावून खानापूर, तासगाव आणि वाळवा हे तालुके बसलेले दिसतात. स्वातंत्र्यानंतर सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं विलीन झाली, सगळ्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला 'सांगली' हे नाव मिळालं ते १९६० च्या अखेरीस. म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी सांगली शहर होतं, पण त्या नावाचा जिल्हा नव्हता. (हा प्रश्न सांगलीत घातला की निम्मा हॉल भांडायला उठतो. मला फार आवडतो.) देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यात आहे. 'जन्माच्या वेळी' किंवा 'आज' एवढा एक शब्द प्रश्नात असता तर कुणाचाच गुण गेला नसता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या येडेमच्छिंद्रचंही असंच होतं: साताऱ्याच्या प्रतिसरकारचा नायक, आणि गाव सांगली जिल्ह्यात. दोन साइटवर दोन जिल्हे दिसले की मुलं एका साइटला खोटं ठरवून मोकळी होतात. तिथेच जरा थांबायचं असतं.

किती खोल जायचं हे मात्र ते उत्तर कशासाठी हवंय यावर आहे. जेवणानंतरच्या खेळाला विकिपीडिया भरपूर झाला. दर प्रश्नाला पुरावे मागत बसलात तर मुलगी आठवड्याभरात खेळ सोडून देईल, आणि तिचं बरोबरच असेल. स्पर्धा परीक्षेचं गणित वेगळं. तिथे आयोग आधी उत्तरतालिका लावतो आणि हरकती मागवतो. हरकत टिकवायची तर तिच्यामागे वजनदार कागद लागतो, कुठल्याशा साइटचा स्क्रीनशॉट काढून भागत नाही. आणि गावच्या स्मरणिकेत काही छापणार असाल तर सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण पुढची पन्नास वर्षं लोक तीच स्मरणिका पुरावा म्हणून दाखवणार.

आता माझी पद्धत. एखादं वाक्य समोर आलं की मी विचारते, ही गोष्ट सगळ्यात आधी कुणी लिहून ठेवली असेल? कुणाच्या वहीत? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी पहिलीत प्रवेश घेतला. सव्वाशे वर्षांपूर्वीची तारीख इतकी नेमकी कशी ठाऊक? कारण शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. त्याच नोंदीच्या आधारावर २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. ही झाली अक्षरशः वही. याउलट एखाद्या थोर माणसाला लहानपणी अमुक भाजी आवडायची असं कुठे वाचलं, तर ते लिहून ठेवायला तिथे कोण बसलं होतं? घरच्या कुणी पुढे आठवणीत सांगितलं असेल तर ठीक, पण मग ती आठवण आहे, नोंद नव्हे, असं धरून चालायचं.

लोकसंख्येची वही जनगणनेकडे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्हा २८,२२,१४३. २०२१ ची जनगणना झालीच नाही. तरीही 'सातारा जिल्ह्याची २०२४ ची लोकसंख्या' शेवटच्या एककापर्यंत सांगणाऱ्या साइट ढिगाने सापडतात. तो जुन्या आकड्याला वाढीचा दर लावून काढलेला अंदाज असतो. अंदाज असायला हरकत नाही, पण अंदाज गोल आकड्यात सांगतात. तो एककापर्यंत नेमका दिसला की मला त्याच्यावर उलट जास्त शंका येते.

कधी कधी दोन वह्या असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. कोयनेचा भूकंप कधी झाला? आपल्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगेल. परदेशी साइटवर, भूकंपांच्या जागतिक यादीत, १० डिसेंबर सापडतं. मुलं हमखास म्हणतात, इंग्रजीत आहे म्हणजे तेच बरोबर असणार. आता हिशेब करा. जागतिक यादी ग्रिनिचची वेळ लिहिते: १० तारखेचे रात्रीचे २२ वाजून ५१ मिनिटं. त्यात आपले साडेपाच तास मिळवा. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं होतात आणि तारीख बदलते. भूकंप एकच, घड्याळं दोन. हे गणित पोरीला कागदावर करू द्या. नुसती तारीख पाठ केली तर विसरेल, हिशेब केला तर विसरणार नाही. तीव्रतेचंही तसंच. ६.३ पासून ६.७ पर्यंत आकडे दिसतात, कारण तीव्रता मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि नंतर जुन्या नोंदींवरून फेरमोजणीही होते. म्हणून मी तीव्रता विचारतच नाही, तारीख विचारते, आणि प्रश्नात 'भारतीय वेळेनुसार' असं लिहिते. कोयनेची वीज किती, यालाही १९२० मेगावॉट, १९५६ आणि १९६० अशी उत्तरं फिरतात. चार टप्प्यांची बेरीज, पहिल्या दोन टप्प्यांचे मिळून ६००, तिसऱ्याचे ३२० आणि चौथ्याचे १०००, म्हणजे १९२०. वरचे मेगावॉट धरणाच्या पायथ्याच्या छोट्या वीजगृहाचे. ते कुणी धरतं, कुणी सोडतं.

'पहिला', 'सर्वांत उंच', 'आशियातला सर्वांत मोठा' हे शब्द दिसले की मात्र मी हात आखडता घेते. खाशाबा जाधव आपल्या गोळेश्वरचे, कराडजवळचे. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. 'ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे पहिले भारतीय' असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं, अगदी अभिमानाने. पण १९४८ ला लंडनमध्ये हॉकी संघाने सुवर्ण मिळवलं होतं, तेव्हा 'वैयक्तिक' हा शब्द हवा. आणि १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली, ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या खात्यावर धरते. काही क्रीडा इतिहासकार ती ब्रिटनला देतात. म्हणून 'स्वतंत्र भारताचे' हेही शब्द हवेत. दोन्ही घातले की खाशाबांचं श्रेय तसूभर कमी होत नाही आणि वाक्य कुणी पाडूही शकत नाही.

सांगलीकरांनी रागावू नये, पण 'पहिलं मराठी नाटक' या प्रश्नाचंही असंच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, हे सगळं खरं. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या दीडेकशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली हेही खरं, आणि जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' १८५५ चं. पहिलं लिहिलेलं, पहिलं प्रयोग झालेलं की आजच्या रंगभूमीची परंपरा जिथून सुरू झाली ते? प्रश्नात हे स्पष्ट नसेल तर उत्तरावरून भांडण ठरलेलंच. धबधब्यांबद्दल तर बोलायलाच नको. देशातला सर्वांत उंच कोणता, याला कुणी कुंचिकल म्हणतं, कुणी जोग, कुणी आपला भांबवलीचा वजराई. पाणी एका उडीत पडतं की टप्प्याटप्प्याने, हे ठरवल्याशिवाय तुलनाच होत नाही. माझ्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न नसतो.

आता विकिपीडियाकडे येऊ. तो वाचायची माझी सवय सांगते. पानावर गेले की मी आधी खाली जाते, संदर्भ पाहते. हव्या त्या वाक्यापुढे संदर्भाचा आकडा आहे का? असेल तर तो उघडते आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का ते बघते. 'संदर्भ हवा' असा शिक्का दिसला तर ती माहिती मला शोध कुठे घ्यायचा एवढंच सांगते, उत्तर देत नाही. मग 'इतिहास' ही कळ दाबते. पान कुणी कधी बदललं ते सगळं तिथे दिसतं. एखादा वाढदिवस कालच बदललेला असेल तर जरा दम धरायचा. चर्चेचं पानही वाचा. गावांच्या आणि जातींच्या नावांवरून तिथे जी जुंपलेली असते ती वाचून प्रश्न नेमका कुठे अडला आहे ते कळतं. कुठलाही छापील कोश आपलं हे आतलं भांडण वाचकाला दाखवत नाही. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या होत्या. इंग्रजी विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या नावाजलेल्या ज्ञानकोशात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला, पण मुद्दा एवढाच की कुणीच सोवळा नाही. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथे राखण करणारे हात इंग्रजीपेक्षा खूप कमी, त्यामुळे चूक जास्त दिवस पडून राहते. आणि मराठी पान इंग्रजीवरून उतरवलेलं असेल तर दोन्हींकडे सारखं उत्तर मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही. तो एकच साक्षीदार, दोन भाषांत बोलणारा.

हे साक्षीदार मोजायचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. 'दहा साइटवर हेच आहे' असं मला रोज कुणीतरी सांगतं. त्या दहांपैकी नऊ जणांनी पहिल्यावरून उतरवलं असेल तर साक्षीदार एकच. अमेरिकेत एका लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरून ठेवली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव 'फिलिप'. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळाच्या पत्त्यांवर ते 'फिलिप' हजर झालं आणि लेखकाने १९८४ मध्ये दावा ठोकला. दावा तो हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते, पण कुणी कुणावरून उतरवलं ते जगाला कळलं. विकिपीडियावर तर वर्तुळच तयार होतं. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या पानावर 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं मनाने रचलेलं नाव टाकलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, आणि मग त्याच वर्तमानपत्रांचा संदर्भ त्या पानावर पुरावा म्हणून लागला. म्हणून मी मजकूर कसा लिहिला आहे ते पाहते. तीच वाक्यरचना, तीच शुद्धलेखनाची चूक, तोच विचित्र आकडा सगळीकडे दिसला तर ती नक्कल. जो थोडं वेगळं, स्वतःच्या शब्दांत आणि दोन तपशील जास्तीचे देऊन सांगतो त्याच्याकडे मी जास्त लक्ष देते.

मराठीत तुमच्या हाताशी एक चांगली गोष्ट आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यातून आलेली आहे. मराठी विश्वकोशाचं काम वाईत झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली. पहिला खंड १९७६ चा. तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि ज्याला नाव द्यावं लागतं तो जपून लिहितो. व्याख्या, चरित्रं, शास्त्रातल्या कल्पना, जुना इतिहास यांसाठी मी आधी तिथेच जाते. पण विश्वकोशातली नोंद कोणत्या खंडातली आणि तो खंड कधीचा, हे पाहायला विसरू नका. लोकसंख्या, तालुक्यांची संख्या, सध्याचे पदाधिकारी असलं काही तिथून घेतलंत तर चाळीस वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र हाती येईल. ही विश्वकोशाची चूक नाही, कागदाचा स्वभाव आहे. ज्या पुस्तकात राज्यात ३५ जिल्हे आहेत ते २०१४ च्या ऑगस्टआधीचं, कारण पालघर तेव्हा झाला. ज्यात अभिजात भाषा सहा आहेत ते ऑक्टोबर २०२४ च्या आधीचं. त्यात मराठीसह पाचांची भर पडली आणि त्या अकरा झाल्या. ही दोन उत्तरं पाहून जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाचं वय काढता येतं. मुलीला हा खेळ आवडेल. गॅझेटियरचंही तेच: हद्दी, पेठा, घाट, नद्या यांना उत्तम, पण १८८५ च्या साहेबाने लोकांबद्दल जे शेरे मारलेत ते त्याच्या काळाचे म्हणून वाचायचे.

फोनवर शोधलं की हल्ली सगळ्यात वर यंत्राने तयार केलेलं उत्तर येतं. ते मी वाचते, पण त्याखाली जिथून घेतलं ते दुवे उघडल्याशिवाय धरत नाही. सारख्या नावांची माणसं तिथे एकमेकांत मिसळतात. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२ ते १७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४ ते १९२२) यांची खिचडी झालेली मला बरेचदा दिसते, कधी चित्रही एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'तुम्हाला माहीत आहे का'बद्दल काही लिहित नाही. त्यात वहीच नसते.

घरच्या खेळाबद्दल एवढंच सुचवते. उत्तर देणाऱ्याला एक गुण आणि 'कशावरून?' याचं उत्तर देणाऱ्याला आणखी एक, असं करून पाहा. शोध लगेच फोनवर घ्यायचा नाही. वाद झाला तर तो प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि रविवारी मोकळ्या वेळी त्यातला एखादाच सोडवायचा. रयत शिक्षण संस्थेची स्थापना कुठे झाली, यापासून सुरुवात करा. तिचं मुख्यालय साताऱ्यात म्हणून सगळे 'सातारा' म्हणतील, पण कर्मवीरांनी १९१९ मध्ये ती काढली कराडजवळच्या काले या गावी आणि साताऱ्याला आणली १९२४ मध्ये. कास पठाराला युनेस्कोचा दर्जा कधी मिळाला, हाही बरा आहे: २०१२, पण एकट्या कासला नव्हे, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना मिळून, आणि त्यातली महाराष्ट्रात चार. शोधायला लावा.

राहता राहिला तो कापलेला गुण. आयोजकांकडे जा, पण विकिपीडियाचं पान दाखवू नका. त्यांच्या दृष्टीने तुमच्याकडे साइट आहे आणि त्यांच्याकडे उत्तरपत्रिका, वाद तिथेच संपेल. १८८५ च्या गॅझेटियरमधलं तालुक्यांच्या यादीचं पान इंटरनेटवर मिळतं, त्याची छापील प्रत घ्या. सोबत देवराष्ट्रे आजच्या सांगली जिल्ह्यात असल्याचा कुठलाही सरकारी कागद. दोन्ही पानं शेजारी ठेवली की समजावून सांगावं लागत नाही. मागणी 'सातारा चूक आहे' अशी करू नका, ती खोटी ठरेल. 'दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत आणि सांगली लिहिणाऱ्या सगळ्याच मुलांना गुण द्यावा' अशी करा. आयोजक एका मुलीसाठी निकाल बदलायला कचरतात, सगळ्यांसाठी बदलणं त्यांना सोपं जातं. अर्ज मुलीलाच लिहू द्या. आणि प्रश्न कसा विचारायला हवा होता, ते तिने अर्जाखाली एका ओळीत लिहावं. आम्हा प्रश्न काढणाऱ्यांना अशी ओळ आयती मिळाली तर पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत ती जशीच्या तशी जाते.